अप्पा जिथे बसले आहेत

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

सेलू,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

चि. शिवप्रकाश यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. आईची तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण तोंड शाबूत आहे. कापसाच्या गाड्या सुरू झाल्यात. जिनिंगच्या बाजूने वारं आलं की दुकानातल्या वह्यांवर पांढरी लव बसते आणि मी दिवसभर फडकं मारत राहते. तू पाठवलेलं टॉवरचं ते गुळगुळीत पुस्तक आईने टीव्हीशेजारी उभं करून ठेवलंय. कुणीही आलं की काढून दाखवते. चौतीस मजले, निळा समुद्र, पोहण्याचा तलाव आणि तलावाच्या काठावर आडवी पडलेली गोरी बाई. "ह्ये समदं माझा शिवा बांधायलाय," म्हणते. बाई तेवढी अंगठ्याखाली झाकते.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू गोड बोलतोस. "अक्का, दोन मिनिटं, स्लॅब भरणं चालू आहे," म्हणतोस आणि तुझी ती दोन मिनिटं कधी संपत नाहीत. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

काल दुकानात फोन आला, तुझ्याच शहरातून. कुणी नागेश म्हणून होता. म्हणाला, "आमच्या रुद्राणीकाकूंना घेऊन पुढच्या आठवड्यात सेलूला येतोय. अण्णारावांच्या समाधीचं दर्शन घ्यायचंय." मी म्हटलं, दादा, तुमची काहीतरी गफलत होतेय, आमचे अप्पा तर तुमच्याकडेच आहेत. तो हसला. म्हणाला, "होते की. पण तुमच्या भावाने त्यांना दिवाळीआधी गावी नेलं ना. जंगम नेऊन, सगळा विधी करून, तुमच्या शेतात आजोबांशेजारी बसवलं. त्यांनीच सभेत सांगितलं आम्हाला."

शिवा, समोर एक पोरगी कंपासपेटी मागत होती. मी तिच्या हातात खडूचा डबा दिला.

अप्पा गेले तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. तुला सगळं ऐकूनच माहीत, म्हणून पुन्हा ऐक. अप्पा सेलूच्या पेढीचे मुनीम. पेढीने समुद्रकाठी सरकीच्या तेलाचं गोदाम काढलं आणि ते बघायला अप्पांना पाठवलं. दुसऱ्याच पावसाळ्यात कावीळ झाली. घाटात दरड कोसळली होती, रस्ता बंद. तिथे आपल्या लिंगायत दुकानदारांची थोडी घरं होती, त्यांनी अप्पांना आपल्या रुद्रभूमीत बसवलं. आपल्यात माणूस जाळत नाहीत, मांडी घालून, हातात लिंग देऊन मातीत बसवतात, एवढं तरी त्या टॉवरच्या नादात विसरला नसशील. आईला जाता आलं नाही, कारण तुला गोवर निघाला होता. पुढे दुकान होतं, आपण दोघं होतो, आणि लोक म्हणाले, आता जाऊन काय करणार. तू तिकडेच नोकरी धरलीस तेव्हा आई आठवडाभर खुशीत होती. "पावसाळा संपला की नेतो," तू म्हणालास. त्यानंतर किती पावसाळे संपले ते तूच मोज.

म्हणून सरळ विचारते. अप्पांना तू इकडे आणलंस का? आणलं असशील तर कुठे ठेवलंस? शेतात आजोबांशेजारी फक्त तुरीची रांग आहे, मी काल संध्याकाळी जाऊन बघून आले. आणि आणलं नसशील, तर भरल्या सभेत तू काय सांगितलंस आणि कशासाठी?

आईला यातलं काही कळवलेलं नाही. उत्तर लिहूनच पाठव.

तुझी अक्का,
महानंदा


साइट ऑफिस,
दि. १३ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र इथे साहेबांच्या टेबलावर येऊन पडलं होतं. नशीब, कुणी फोडलं नाही. यावर फोनवर बोलायला नको हे तू म्हणालीस ते बरंच झालं. इथे भिंती पत्र्याच्या आहेत आणि प्रत्येकाला कान आहेत.

अक्का, आधी रागावू नकोस, पूर्ण वाच. ए विंग एकोणीस मजल्यांपर्यंत आलीय. बी विंग सुरू करायची तर मागच्या बाजूने आगीचा बंब फिरायला रस्ता सोडावा लागतो. बंब फिरला नाही तर वरचे मजले मंजूर होत नाहीत. तो रस्ता नेमका रुद्रभूमीतून जातो. जागा आपल्या लोकांच्या पंचमंडळाची. थोडीच घरं उरलीत, पोरं पुण्या-मुंबईला गेलीत, किती वर्षांत तिथे नवीन कुणाला बसवलेलं नाही. गवत एवढं वाढलंय की जागा ओळखू येत नाहीत, कुत्री फिरतात. साहेबांनी दोन वेळा माणसं पाठवली, लोकांनी हाकलून दिली. मग साहेब म्हणाले, शिवप्रकाश, ते तुझे लोक आहेत, तू जा.

मी गेलो. समजावलं की पुढच्या बाजूला बगीचा करून देऊ, बसवेश्वरांचा पुतळा बसवू. तर एक म्हातारी उठली, तीच रुद्राणीकाकू. म्हणाली, "तुझा बाप असता इथे, तर दिली असतीस का सही?" मी म्हणालो, "माझ्याही बापाला इथेच बसवलं होतं." सगळी सभा गप्प झाली, अक्का. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या घरातलाच. मग मला थांबता आलं नाही. मी म्हणालो, मी त्यांना रीतसर गावी नेलंय, तुम्हीही न्या, सगळी व्यवस्था कंपनी करेल.

मी खरंच आणणार होतो. इथल्या जंगमांना विचारलं. ते म्हणाले, बसवलेल्याला उठवत नाहीत, हातातलं लिंग हलवत नाहीत. साफ नकार. मग मी काय करायचं होतं? तूच मला लहानपणी शिकवलंस की माणूस लिंगैक्य झाला की शरीर म्हणजे माती. मग मातीसाठी एवढं काय? इथे उद्या शेकडो कुटुंबं राहायला येणार आहेत.

तुला खरं सांगतो. मला अप्पांचा चेहरा फोटोतलाच माहीत आहे. इथे आलो त्या पहिल्या आठवड्यात अप्पांना बसवलंय तिथल्या उंडीच्या झाडाखाली जाऊन उभा राहिलो होतो. काहीच वाटलं नाही. काही वाटलं नाही याचीच लाज वाटली, म्हणून परत गेलो नाही, आणि आईलाही आणलं नाही.

आता माझी एवढी इज्जत राख. दत्ताला सांगून आजोबांच्या समाधीशेजारी थोडा मुरूम टाकून घे, एक दगड उभा कर, चुना मार. एका दुपारचा प्रश्न आहे. ती लोकं नमस्कार करतील आणि जातील. काकूंनी सही केली की बाकीचे करणारच. आईला दोन दिवस जिंतूरला मावशीकडे पाठव, तिला उगाच तकलीफ नको. बी विंग झाली की चौदाव्या मजल्यावर तुम्हा दोघींसाठी घर घेणार आहे. आईला बिछान्यातून समुद्र दिसेल.

आईला नमस्कार.

तुझा,
शिवा


सेलू,
दि. २१ नोव्हेंबर २०२५

शिवप्रकाश,

आशीर्वाद लिहायला मन घेत नाही. पण थोरलीने ते द्यायचे असतात, तेव्हा दिले असं समज. इकडे थंडी सुरू झाली. दुकान बंद ठेवलंय. आई बरी आहे. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

तू सांगितलंस तसं मी केलं. हे वाचून खूश होऊ नकोस, पुढे वाच. दत्ताला बोलावलं, मुरूम टाकायला सांगितला. आपलं शेत तोच कसतो, म्हणून त्याने विचारलं, "कोन गेलं वो अक्का?" मी म्हटलं कुणी नाही, आजोबांचीच डागडुजी आहे. त्याने नाल्यातून दगड आणून उभा केला. चुना मी स्वतः मारला, ब्रश घेऊन, उन्हात बसून. मारताना तुला मनातल्या मनात शिव्या देत होते आणि हात चालूच होता. तू माझा भाऊ आहेस. चारचौघांत तुझं हसं व्हायला नको, एवढंच डोक्यात होतं. आणि कुठल्या तरी अनोळखी म्हातारीला एका दुपारी फसवणं मला फारसं जड गेलं नाही, हेही लिहून टाकते.

सकाळी आईला पिशवी भरून दिली, जिंतूरच्या गाडीसाठी स्टँडवर नेऊन बाकावर बसवलं. गाडी लागायची होती. दुकान उघडायचंय असं सांगून मी परत फिरले. ती म्हणाली, "काहून येवढी घाई करायलीस, मला धाडून देयाची?" मी हसण्यावारी नेलं.

रुद्राणीबाई नागेशबरोबर रेल्वेने आल्या. तुझ्या पत्रात 'एक म्हातारी' आहे ना, ती ही. अंगाने काटकुळी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, काखेत पिशवी आणि हातात प्लास्टिकच्या पुडक्यात एक रोप. आल्या आल्या "शरणार्थ" म्हणाल्या आणि रोप माझ्या हातात दिलं. "उंडीचं आहे. अण्णारावांच्या डोक्यावर आमच्याकडे ह्याचीच सावली होती. इकडे कुठली मिळायला? म्हणून आणलं. नव्या जागी लावू या." अख्ख्या प्रवासभर त्यांनी ते मांडीवर धरून आणलं होतं. त्या रोपाला हात लावताना मला काय वाटलं ते तुला सांगून उपयोग नाही.

मी चहा केला. त्या बोलत राहिल्या. तुझ्या टॉवरचं त्या जे सांगतात ते तुझ्या पुस्तकात नाही. पाया ठोकायचं मशीन चालू झालं की त्यांच्या मांडणीवरची भांडी सरकत सरकत काठाला येतात. त्यांच्या ओट्यावरून समुद्र दिसायचा, आता हिरवी जाळी दिसते. खाऱ्या वाऱ्याने वरच्या मजल्यांच्या सळ्या लाल होतात आणि पाऊस आला की त्यांच्या अंगणात तांबडं पाणी उतरतं. तरी तुझ्यावर राग नव्हता त्यांचा. "पोरगं आलं, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. मी म्हटलं, आपलं लेकरू आहे. त्याने स्वतःच्या बापाला नीट नेलं म्हणतो. माझे मालक तिथे आहेत, सासरे आहेत. त्यांचंही असं नीट होणार असेल तर मी कशाला आडवी येऊ? फक्त म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघून येते. मग सही करते. मी केली की बाकीचे थांबायचे नाहीत."

म्हणजे सगळं माझ्या त्या दगडावर होतं. तेव्हासुद्धा मी गप्प बसले, शिवा. चहाचे कप उचलले आणि रिक्षा बोलावली.

शेतात त्या दगडासमोर उभ्या राहिल्या. मग पिशवीतून बेलाची पानं काढायला लागल्या. नागेश फोटो काढत होता. तेवढ्यात कपाशीच्या तासातून आई येताना दिसली.

आई बरी आहे, एवढंच मी वर लिहिलं. आता लिहिते.

जिंतूरची गाडी आलीच नाही. ती स्टँडवर बसून बसून कंटाळली आणि घरी परतली. नागेशने सकाळी पत्ता विचारताना आपल्या शेजारच्या शुभदाला सांगितलं होतं, अण्णारावांच्या समाधीला आलोय म्हणून. शुभदाने ते आईला सांगितलं. आई तशीच, हातात जिंतूरची पिशवी घेऊन, रिक्षाने शेताच्या रस्त्यापर्यंत आणि तिथून पायी. तिचे गुडघे तुला माहीत आहेत.

ती आली, दगड बघितला, मला विचारलं, "कुनाचं हाय गं ह्ये?"

मी तोंड उघडायच्या आत नागेश म्हणाला, "अण्णारावांची समाधी, आजी. तुम्हाला ठाऊक नाही?"

आईने माझ्याकडे बघितलं. "शिवानं आनलं?"

मी हो म्हणाले नाही. पण नाहीही म्हणाले नाही. चार दिवस हेच लिहायचं टाळत होते, म्हणून हे पत्र उशिरा निघतंय.

तिने पिशवी खाली ठेवली. डोक्यावरून पदर घेतला. गुडघ्याला हात देत देत त्या मुरमावर बसली आणि दगडावर तळहात ठेवला. चुना पुरता वाळलेला नव्हता, तिचा हात पांढरा झाला. तिला ते कळलंही नाही. ती बोलायला लागली, आम्ही कुणी तिथे नाहीच अशी.

"आलात व्हय. लय वर्सं लावली. कुनी सांगितलंच न्हाई मला, न्हाई तर वाटंवर सडा तरी टाकला आसता."

मग म्हणाली, "पोराला गोवर निघाला हुता वो. अंग निस्तं भाजत हुतं त्याचं. न्हाई तर आले आसते मी. कसंबी करून आले आसते."

ऐकलंस? चाळीस वर्षं तिने ते उत्तर तोंडात धरून ठेवलं होतं. तुझ्या गोवराचं. कुणी विचारलं नव्हतं तिला, कुणी दोष दिला नव्हता. आणि ते तिने दिलं कुणाला, तर नाल्यातल्या दगडाला, जो मी तुझ्या सांगण्यावरून रंगवला होता.

मला पुढे ऐकवलं नाही. मी म्हटलं, "आई, ऊठ. इथं कुणी न्हाई."

तिला कळलं नाही. ती माझ्याकडे हसून बघत होती, आणि तिचं ते हसू मी जन्मात विसरणार नाही. मी पुढे जाऊन दगडाला लाथ घातली. एका लाथेत आडवा झाला. खाली नुसता मुरूम, आणि मुरमाखाली तुरीची मुळं. मी म्हटलं, शिवाने कुणाला आणलं नाही, हे सगळं मी केलंय, अप्पा तिकडेच आहेत.

नागेश शिवीगाळ करायला लागला. तुला, मला, आपल्या सगळ्या खानदानाला. चुकीचं काही बोलत नव्हता तो. रुद्राणीबाईंनी त्याला हाताने गप्प केलं. मला वाटलं, आता ह्या थुंकतील माझ्यावर आणि चालायला लागतील. त्या आईच्या शेजारी जमिनीवर बसल्या. आईचा चुन्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि पदराने पुसायला लागल्या.

पुसता पुसता म्हणाल्या, "मी होते तिथे. तेव्हा नवीनच लग्न होऊन आले होते. तुमच्या मालकांचं कुणी बाईमाणूस नव्हतं, म्हणून विभूती मी लावली. कपाळाला, दंडाला, छातीला. माझ्या मालकांनी लिंग हातात दिलं. पाऊस इतका होता की खड्ड्यात पाणी भरायला लागलं. मग आम्ही चौघांनी ताडपत्री धरली वर, माती लोटेपर्यंत."

आई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने विचारलं, "नीट बसले का?"

"नीट बसले. मानसुद्धा कलली नाही."

आई रडली नाही. "मंग बरं," म्हणाली. आणि दोघी तिथेच बसून राहिल्या, उन्हं कलेपर्यंत. मी आणि नागेश बांधावर उभे होतो, एकमेकांकडे न बघता.

घरी आल्यावर आईने टीव्हीशेजारचं तुझं पुस्तक आणलं आणि रुद्राणीबाईंच्या पुढ्यात उघडलं. "ह्याच्यात ते झाड कुटं हाय, मला दावा." त्यांनी चष्मा लावला. बोट फिरवत फिरवत सांगायला लागल्या, हा फाटकाचा रस्ता, ही आमची विहीर, आता बुजवली, इथून रुद्रभूमीची भिंत. आणि मग त्यांचं बोट पोहण्याच्या तलावावर जाऊन थांबलं. बरोबर त्या आडव्या पडलेल्या बाईवर.

आगीचा बंब म्हणतोस. शिवा, मला दहावीपुरतं कळतं, पण चित्र बघायला तेवढं पुरतं. तुझ्या पुस्तकात बंबाचा रस्ता दुसऱ्या बाजूने काढलाय, झाडं लावून, दिवे लावून. आमच्यासाठी बंब आणि गिऱ्हाईकांसाठी तलाव. लोकांचा जीव वाचवायला रस्ता हवा, असं वाटून मी त्या दगडाला चुना मारला. तू मलाही गिऱ्हाईक केलंस.

आईने आजवर अंगठ्याखाली झाकलेली ती बाई पहिल्यांदा नीट बघितली. म्हणाली, "हितं पवनार हायेत व्हय लोकं." पुस्तक मिटलं, पण टीव्हीजवळ परत ठेवलं नाही. चौदाव्या मजल्याचं मी तिला वाचून दाखवलं. बिछान्यातून समुद्र दिसेल, हेही. तुझं अख्खं पत्र वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, आणि एकच विचारलं, की झाडाखाली उभा राहून तुला काहीच वाटलं नाही ते खरंच लिहिलंय का. मी म्हटलं, हो. तेवढं एकच तुझ्या पत्रातलं खरं आहे असं मला वाटतं. तुला गळा काढता आला नाही म्हणून मला राग नाही. पाच वर्षांच्या पोराला बाप कुठून आठवणार? पण तुला बाप नव्हता, म्हणून तू आईचा नवरा विकायला काढलास, याचा राग आहे. तिला तर आठवतात ना ते. तुझ्या साहेबांना सभा गप्प करायला कुणीतरी मेलेला हवा होता, आणि तू घरातला काढून दिलास.

आणि माती म्हणतोस. हो, मीच शिकवलं तुला, माणूस लिंगैक्य झाला की माती. पण मातीला मान द्यायचा नाही, असं मी कधी शिकवलं? तू तिच्यात पोहण्याचं पाणी भरणार. ते शिक्षण तुला त्या पत्र्याच्या ऑफिसात मिळालं असेल.

रुद्राणीबाई सही करणार नाहीत. त्यांनी इथूनच सगळ्या घरांना फोन लावले, माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून. मी काय केलं तेही लपवलं नाही. मीच म्हटलं, माझं नाव घ्या. पण नागेश सांगतो की त्या बाजूची भिंत तुमच्या माणसांनी आधीच पाडलीय, मशीन आत आणून उभं केलंय, आणि सही असो नसो, कुणाच्या लक्षात यायच्या आत एका रात्रीत खणून मोकळे व्हायचा इरादा आहे. हे खरं की खोटं ते मी तुला विचारणार नाही. तू काहीतरी उत्तर देशील आणि मला पुन्हा चुना कालवायला बसवशील.

म्हणून आम्ही येतोय. आई, मी, रुद्राणीबाई आणि नागेश. तिकिटं काढली. हे पत्र तुला आमच्या आधी मिळावं म्हणून कुरिअरने पाठवते. स्टेशनवर येऊ नकोस, गाडी पाठवू नकोस, हॉटेल बघू नकोस. आम्ही रुद्राणीबाईंच्या घरी उतरू. आईने विभूतीचा गोळा आणि बेल बांधून घेतलाय. उंडीचं रोपही परत नेतोय. आईने त्याला रोज पाणी घातलं, पण इथे लावू दिलं नाही. "तिकडचं हाय, तिकडंच लावू," म्हणते. ती तुझ्या एकोणीस मजल्यांकडे मान वर करून बघायची नाही, तिला खालचंच काम आहे.

आता आईचा निरोप. तिने दोनदा म्हणून घेतला माझ्याकडून, एक शब्द इकडचा तिकडे करू नको म्हणाली.

"शिवाला लिही, तुजा बाप तिथं मांडी घालून बसलेला हाय. मी त्येंच्या बाजूला येऊन बसनार हाय. गोवर आता बरा झालाय तुजा, मला आडवायला कायबी राहिलं न्हाई. मशीन आनायचं आसंल तर आन. पर त्येच्यावर दुसऱ्या कुनाचं लेकरू बसवू नको. तू बस."

तू तिथे येऊन आईसमोर जमिनीवर बसेपर्यंत
तुझी कुणी नाही, फक्त अण्णारावांची थोरली,
महानंदा